मुलांना शिल्पं दाखवताना: सगळी दालनं की तीनच शिल्पं?

प्राथमिकच्या वर्गाला शिल्पं दाखवायला न्यायचं ठरलं की शिक्षकापुढे दोन वाटा असतात. मार्गदर्शकाबरोबर सगळ्या दालनांतून फेरी मारायची, नाहीतर तीनच शिल्पं निवडून त्यांच्यासमोर वही-पेन्सिल घेऊन बसायचं.

फेरी सोयीची. तयारी लागत नाही आणि दगड, लाकूड, ब्राँझ सगळं डोळ्यांखालून जातं. पण रांगेच्या शेपटाला काही ऐकू येत नाही, आणि तिसऱ्या दालनानंतर मुलं पाणी मागायला लागतात. इतिहासाच्या पुस्तकातला एखादा काळ डोळ्यांसमोर आणायचा असेल तर फेरी बरी. शिल्प शिकवायचं असेल तर मी तीनच घेईन.

शिल्पाला पाठ असते, बगल असते. ती रांगेतून दिसत नाही. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या ‘विचारवंत’सारखं, म्हणजे हातावर हनुवटी टेकून विचारात बुडालेल्या त्या माणसासारखं, बसायला सांगा. बरीच मुलं उजवं कोपर उजव्या मांडीवर टेकवतात. शिल्पात ते डाव्या मांडीवर आहे. तसं बसलं की पाठ वाकते, अंगाला पीळ बसतो. मग ‘हा माणूस विचाराने दमलाय’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

किंवा मायकेलअँजेलोचा संगमरवरी पुतळा डेव्हिड (१५०१–१५०४) घ्या. प्लास्टरची प्रतिकृतीही चालेल. उंची ५.१७ मीटर, आणि उजव्या पायामागे झाडाचं खोड. ते कशाला, हे मुलांनाच विचारा. संगमरवर दाबाला पक्का, ताणाला कच्चा. एवढा भार नुसत्या घोट्यांवर टाकणं धोक्याचं. ब्राँझची मूर्ती आतून पोकळ आणि चिवट, तिला असा टेकू सहसा लागत नाही. फेरीत हे खोड कुणाच्या नजरेलाही पडत नाही.

तीन शिल्पांसमोर असं बसण्यात कटकट आहेच. वर्गाचे गट पाडावे लागतात, सोबत मोठी माणसं जास्त लागतात, शिल्पं आधी जाऊन निवडावी लागतात. शिवाय समोर बसलेल्या मुलाचा हात शिवशिवतो. नुसतं ‘हात लावू नका’ म्हणू नका; हाताच्या घामातलं मीठ आणि तेलकटपणा धातूला, दगडाला खातो, हे सांगा. हाताळायला प्रतिकृती मिळतात का, तेही आधी विचारून ठेवा.

कुठलीही वाट धरा, जाण्याच्या आदल्या दिवशी हात पसरलेला मातीचा माणूस करायला द्या. हात गळतोच. मग कुणीतरी आत काडी खुपसतं. फ्रेंच चित्रकार देगाने १८८१ मध्ये प्रदर्शनात मांडलेल्या छोट्या नर्तकीच्या मेणाच्या मूर्तीतही आधाराला तारेबरोबर जुने ब्रश घातलेले आहेत.