ऑफिसचे नवे आयपी फोन: पार्क भारी, ट्रान्सफर जरा जपून

मस्जिद बंदरला आमचं क्लिअरिंगचं, म्हणजे बंदरातला माल सोडवायचं ऑफिस, खाली आठ टेबलं आणि वर पोटमाळ्यावर अकाउंट्स. जुन्या फोनांना दर पावसाळ्यात खरखर लागायची, शेवटी शेठनी वैतागून सगळीकडे आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणारे फोन बसवले, सहा महिने झाले वापरतोय. आवाज साफ आहे, त्याबद्दल तक्रारच नाही. पण आमचं खरं काम म्हणजे आलेला कॉल इकडून तिकडे द्यायचा.

ट्रान्सफरचं बटण एकच पण प्रकार दोन. ट्रान्सफर दाबा, एक्स्टेन्शन, म्हणजे त्या टेबलाचा आतला नंबर लावा, समोरच्याने उचलला की "पार्टी लाइनवर आहे, कंटेनरचं विचारतेय" असं सांगा आणि मग परत ट्रान्सफर दाबा, हे बरोबर. घाईत त्याने उचलायच्या आधीच दुसऱ्यांदा दाबलं की कॉल तुमच्या हातून सुटला, तिकडे कोणी असो नसो. पहिल्याच आठवड्यात मी असंच एका जुन्या पार्टीला, ज्यांचा माल न्हावा शेव्याला अडकलेला आणि डोकं आधीच तापलेलं, वर पाठवलं, वर काका हात धुवायला गेलेले, कॉल गेला व्हॉइसमेलला, तिथे एक बाई इंग्रजीत बोलते आणि तो व्हॉइसमेल आमच्यात आजपर्यंत कोणी उघडलेला नाही. पार्टीने सरळ शेठच्या मोबाइलवर लावला. पुढचं लिहीत नाही.

पार्क मात्र जाम आवडलं. होल्डवरचा कॉल त्याच फोनवर अडकून बसतो, पार्क केला की स्क्रीनवर ७०१ येतं, मग वर हाक मारायची "काका, सातशे एक घ्या", ते जवळच्या कुठल्याही फोनवरून ७०१ लावून बोलतात. आमच्याकडे ४५ सेकंद ठेवलेत, तेवढ्यात कोणी नाही घेतला तर कॉल परत आपल्याच टेबलावर वाजतो. आता सगळे हेच करतात, हाका मारायची सवय आम्हाला होतीच.

फॉरवर्ड, म्हणजे ऑफिसचा कॉल मोबाइलवर वळवणं, लावणार असाल तर मोबाइल नंबरच्या आधी ० टाका. जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायला ० लागतोच, आमच्या पोराने नुसते दहा आकडे टाकले आणि अख्खा शनिवार एकही कॉल पोचला नाही. आणि हो, वीज नेटवर्कच्या वायरीतूनच येते, अडॅप्टरची कटकट नाही, पण लाइट गेली की सगळे फोन एकदम मुके, स्विचला, म्हणजे सगळ्या फोनांच्या वायरी जिथे येतात त्या डब्याला, यूपीएस आधीच घ्या, आम्ही नंतर घेतला.

राहिलं पिकअप. शेजारच्या टेबलावर रिंग वाजतेय, तो माणूस चहाला, तर आपल्या जागेवरून स्टार आठ दाबायचं आणि बोलायचं. फक्त त्यासाठी दोन्ही फोन एकाच ग्रुपमध्ये लागतात, आणि बसवणाऱ्याने पोटमाळा वेगळ्या ग्रुपमध्ये टाकून ठेवलाय. चार वेळा सांगून झालं, "उद्या येतो" म्हणतो. तोवर वरचा फोन वाजला की जो जिन्याजवळ असेल तो पळतो.