"पाणी तपासायला आलोय" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

२५,५०० रुपये. पाणी शुद्ध करायच्या आरओ-यूव्ही मशीनचे १८,५००, वर्षाच्या सर्व्हिस प्लॅनचे ४,२०० आणि नंतर मेम्ब्रेन, म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारा आरओचा पडदा, बदलल्याचे २,८००. एवढे पैसे मोजून आम्ही नळाचंच पाणी पीत होतो, तेही न उकळता. लिहिताना आजही अंगाची लाही होते.

जानेवारी २०२५ मधलं पुणं आठवा. सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, रोज जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांचे आकडे. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू सापडल्याच्या बातम्या, विहिरीच्या पाण्यावर संशय. घरात लहान मुलगी. अशा वेळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस दारात येऊन "ताई, पाण्याची तपासणी चालू आहे, एक ग्लास नळाचं पाणी द्या" म्हणाला, तर दार कोण लावून घेईल? तो कोणाकडून आलाय हे त्यानं सांगितलंच नाही. महापालिकेचा माणूस आहे असं आपणच धरून चालावं, अशी सगळी भाषा.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. दोन ग्लास, त्यात दांड्या सोडायचं यंत्र, बटण चालू. दोन मिनिटांत आमचं पाणी हिरवट-काळं, वर गाळाचा साय धरल्यासारखा थर. त्याच्या बाटलीतलं 'फिल्टरचं' पाणी मात्र जवळजवळ जसंच्या तसं.

आणि इथेच खरी मेख होती. दांड्या बाहेर काढून त्यानं फडक्यानं पुसल्या, तेव्हा फडक्यावर तोच तपकिरी रंग उतरला. एक दांडी खालच्या टोकाला खाल्ल्यासारखी बारीक झाली होती. मला ते दिसलं. मी विचारलंसुद्धा, "हा गंज दांडीचाच नाही ना?" तो शांतपणे म्हणाला, "मग दुसऱ्या ग्लासात का नाही आला, ताई?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडाची दांडी विरघळते. तो गाळ दांडीचा असतो, नळाचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तोच चिखल तिथंही होतो. पण मी कॉमर्स शिकलेली बाई, आणि गल्लीगल्लीत आजाराची चर्चा. त्या क्षणी हे सुचणार कुठून?

नंतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर. आमच्या नळाला ८४ आलं. "चौऱ्याऐंशी! पन्नासच्या आत पाहिजे." सपशेल थाप. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस ठीक धरलाय. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं. खडकवासल्याचं पाणी मुळातच मऊ. आणि मुख्य म्हणजे टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. भीती जंतूंची, विकलं क्षारांचं मशीन.

पावसाळ्यात पाण्याला वास यायला लागला. सर्व्हिसचा नंबर बंद. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकनं झाकण उघडलं. जो निळा उजेड बघून आम्ही निश्चिंत होतो, ती यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारी, ट्यूब नव्हतीच. प्लॅस्टिकमागे निळा एलईडी चिकटवलेला. खरी ट्यूब बहुतेक वेळा स्टीलच्या नळकांड्यात बंद असते, तिला चोक असतो. इथं काहीच नाही. वर टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू पूर्ण उघडून ठेवलेला, म्हणजे मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी थेट टाकीत. मशीनवर आयएसआयचा शिक्काही नाही. विकत घेण्याआधी एवढं तरी बघाच.

पोलीस चौकीत गेले, तर "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे." एलईडी टेबलावर ठेवला, तो कुणी हातातसुद्धा घेतला नाही. वॉर्ड ऑफिसमध्ये म्हणे, "तो आमचा माणूस नव्हता." अहो, तेच तर सांगतेय! तुमच्या नावावर लोक घरात शिरतात, साथीच्या काळात शिरतात, तर एक फलक लावा, सोसायट्यांना एक पत्र पाठवा. "लेखी द्या." दिलं. पोचपावती मागितली तर साहेब बैठकीत. परत गेले तर अर्ज दुसऱ्या टेबलावर, त्या टेबलावर माणूस नाही. कर भरायला एक दिवस उशीर झाला की दंड लावता, तेव्हा टेबल बरोबर सापडतं!

यूपीआयनं पैसे देताना समोर कोणाचं नाव येतं ते वाचा. माझे पैसे कंपनीच्या नव्हे, कुणा व्यक्तीच्या खात्यात गेले. जीएसटी क्रमांक नसलेली पावती घेऊ नका. वॉचमनला सांगून ठेवा. जंतूंचीच शंका असेल तर पाणी खळखळून उकळा, टाकी धुऊन घ्या, आणि कॉलिफॉर्म जंतूंची (पाण्यात सांडपाणी मिसळल्याची खूण) तपासणी कुठल्याही विक्रेत्याकडून नव्हे, प्रयोगशाळेतून करा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मीही तिथं गेलेय. पावतीवरच्या पत्त्यावर गेले तर बंद शटर आणि शेजारचा म्हणतो असं दुकान इथं कधी नव्हतंच, त्यामुळे नोटीस कुठं पाठवायची यावर घोडं अडलंय. निळा एलईडी निघालेलं मशीन आणखी कुणाकडे असेल, तर पावतीवरचा पत्ता आणि पैसे कोणाच्या खात्यात गेले ते जपून ठेवा. तुम्हीही तक्रार करा, आणि मला कळवा.