वाचनालयातली शासकीय प्रकाशनं : काही महिने वापरल्यावर

पाकीट आहे, नकाशा नाही. परवा याच कारणावरून मी संदर्भ विभागातून चिडून बाहेर पडलो, म्हणून हे लिहायला घेतलं. जुन्या जनगणना पुस्तिकेच्या मागच्या पुठ्ठ्याला घडीच्या नकाशांसाठी पाकीट चिकटवलेलं असतं. आमच्या प्रतीतलं कुणीतरी रिकामं करून नेलंय.

वाचनालय सांगलीतलं आहे, नाव घेत नाही. पलूस भागातल्या आमच्या गावाची जुनी माहिती गोळा करायला मी तिथे जातो. गाव पूर्वी तासगाव तालुक्यात होतं, त्यामुळे जुन्या पुस्तिकेत पलूस तालुका शोधून काही मिळत नाही. त्याच्याही मागे जायचं तर जिल्हाच बदलतो. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे तासगावसाठी १८८५ चं सातारा गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) बघायचं आणि त्यानंतर १९६९ चं सांगलीचं. घाई असेल तर सरळ शेवटचं गावांचं प्रकरण उघडा, त्यात नावं अकारविल्हे आहेत, इंग्रजी अक्षरांप्रमाणे.

सुरुवातीला या विभागाबद्दल माझं मत वाईट होतं. यादी लेखकाच्या नावाने लावलेली, आणि इथे लेखक कोण, तर ‘महाराष्ट्र शासन’. शेती अहवाल, पाटबंधारे, समालोचन, सगळं एकाच नावाखाली. पानंच्या पानं उलटून हाती काही लागेना. मग ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं, “काका, पुस्तकाचं नाव नका सांगू, खातं आणि साल सांगा.” तेव्हापासून काम सुरळीत झालं. गावनिहाय लोकसंख्या, घरं, क्षेत्रफळ हवं तर जनगणना. जिल्ह्याची पिकं, सिंचन, शाळा यांचे आकडे हवे तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’. नाव बदलाची जाहिरात शोधायची तर राजपत्राचा भाग दोन. एवढं डोक्यात ठेवून गेलं की मॅडम नेमक्या कपाटाशी नेतात. त्यांना माझ्याकडून पूर्ण गुण.

पण नकाशाचं काय? तालुक्याच्या नकाशावर प्रत्येक गावाची हद्द आणि क्रमांक असतो, तोच क्रमांक यादीत गावाच्या नावापुढे असतो. बुद्रुक कुठलं आणि खुर्द कुठलं, शिवेला कोण लागतं, ओढा कुणाच्या हद्दीतून जातो, हे आकड्यांच्या तक्त्यावरून कळत नाही. नकाशा गेला की निम्मं पुस्तक गेलं. जालावर फुकट प्रत मिळते हे मलाही माहीत आहे, आणि पेन्शनीत भागवणाऱ्याला तो मोठा आधार आहे. १८८५ चा खंड जुन्या बाजारात विकत घेणं मला झेपणारं नाही. पण मी उतरवून घेतलेल्या एका प्रतीत नकाशा घडी न उलगडताच स्कॅन केलाय! पानभर रेघा आणि अर्धी नावं. शेवटी दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीच पुस्तिका सापडली, नकाशासह. तिथल्या सरांनी मोठ्या टेबलावर तो पूर्ण पसरू दिला, वरून मोबाइलवर फोटो काढू दिला, पैसे घेतले नाहीत. आमच्या गावाची हद्द मी पहिल्यांदा कागदावर पाहिली. फार आनंद झाला.

म्हणून वाचनालयाच्या सूचना वहीत लिहून आलोय : उरलेले नकाशे पाकिटातून काढून वेगळ्या सपाट फायलीत ठेवा, पुस्तकावर तशी चिठ्ठी लावा, आणि मागणाऱ्याला झेरॉक्स द्या, मूळ कागद नको. फाईल वरच्या मजल्यावर ठेवा हेही लिहिलं. २०१९ च्या महापुरात खालच्या कप्प्यांचं काय झालं ते सांगलीकरांना ठाऊक आहे. कॉलेजातल्या नकाशाची प्रत काढून द्यायची माझी तयारी आहे, झेरॉक्सचा खर्च माझा.