मॉन्टेरेची व्हेल-सफर: पैसे वसूल, पण ‘हमी’ नीट वाचा

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात व्हेल किनाऱ्याच्या इतक्या जवळ का येतात, याचे उत्तर पाण्याखाली आहे. मॉस लँडिंग या छोट्या बंदरालगत समुद्रतळावरील एक प्रचंड दरी सुरू होते आणि पुढे ती साडेतीन हजार मीटरहून खोल जाते; वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येच्या वाऱ्यांमुळे खालचे थंड, सकस पाणी वर येते, त्यावर क्रिल हे कोळंबीसारखे इवले जीव आणि आपल्या मांदेलीच्या कुळातली अँचोव्ही पोसली जाते आणि तिच्यामागोमाग हंपबॅक व्हेल येतात. सान होजे, सनीव्हेल भागातील मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना इथे आवर्जून आणतात, तसे आम्हीही ऑगस्टमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो.

सी लायन, म्हणजे सीलसारखे दिसणारे समुद्रसिंह, पाहायला दूर जावे लागत नाही. बंदराच्या दगडी बांधावर ते एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेले असतात आणि त्यांच्या भुंकण्याआधी त्यांचा उग्र वासच बोटीपर्यंत पोचतो. सोबतच्या निसर्गतज्ज्ञ बाईंनी त्यांचे बाहेर आलेले चिमुकले कान दाखवले. सीलला असे कान नसतात आणि जमिनीवर सी लायनसारखे वल्ह्यांसारख्या पायांवर उभे राहून चालताही येत नाही.

खरा आनंद खुल्या समुद्रात मिळाला. आधी व्हेलच्या श्वासाचा फवारा दिसतो, मग काळी पाठ कमानीसारखी वाकते आणि खोल बुडी मारायची असेल तर शेपूट पाण्याबाहेर येते. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक हंपबॅकची निराळी असल्याने त्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. व्हेल गेल्यावर तिथे तेल सांडल्यासारखा गुळगुळीत, लाटांविना एक गोल पट्टा बराच वेळ राहतो. तो दाखवून दिला नसता तर आमच्या लक्षातही आला नसता. वारा आमच्या दिशेला वळला तेव्हा त्या फवाऱ्याची कुजक्या मासळीची दुर्गंधीही अनुभवली, आणि सासूबाईंनी पदर नाकाला लावूनही कठडा काही सोडला नाही.

कप्तानाचे वागणे मला सर्वाधिक आवडले. इथे 1972 पासून सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि 1992 पासून हा उपसागर राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा भाग आहे. व्हेलपासून 100 यार्ड दूर राहण्याचा संकेत त्याने कसोशीने पाळला. कोकणात डॉल्फिन दिसला की चार बोटी इंजिने घोंगावत त्याच्या मागे लागतात, ते पाहिलेल्याला हा संयम फार मोलाचा वाटेल.

तक्रार आहे ती तिकिटाची. कंपनीच्या जाहिरातीत ‘व्हेल दिसण्याची हमी’ ठळक अक्षरांत होती. प्रत्यक्षात व्हेल न दिसल्यास पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या एखाद्या फेरीचे तिकीट मिळते, आणि ही अट आम्हाला खिडकीवर विचारल्यावरच कळली. सान होजेत राहणाऱ्याला ते चालेल, परंतु आठवड्याने मुंबईचे विमान पकडणाऱ्या पाहुण्यांना त्याचा उपयोग शून्य. शिवाय ‘उबदार कपडे आणा’ एवढीच सूचना होती. ऑगस्टमध्येही तिथे धुके आणि बोचरा वारा असतो, त्यामुळे कानटोपी आणि जाड जाकीट हवेच. ज्यांना बोट लागते त्यांनी औषध निघण्याआधीच घ्यावे आणि कमी हलणाऱ्या मागच्या भागात, नजर क्षितिजावर ठेवून बसावे.