गिटमधलं शा-२५६: नव्या रेपोसाठी खुशाल घ्या, जुना हलवण्याची घाई नको

गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास सांभाळणारं अवजार. हा इतिहास रेपो नावाच्या साठ्यात राहतो आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची ओळख म्हणजे मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, हॅश. तो काढायची जुनी पद्धत शा-१, नवी शा-२५६. गिटमध्ये शा-२५६ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, २.२९ आवृत्तीत, ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावून. २०२३ च्या २.४२ मध्ये ती पाटी उतरली. ३.० मध्ये नवा रेपो मुळातच शा-२५६ चा बनणार, असं प्रकल्पाचं ठरलं आहे. म्हणजे आज ना उद्या याच्याशी गाठ पडणारच. गिटच्या आतलं काम चोख झालंय. रडगाणं आहे ते गिटच्या भोवतालच्या अवजारांचं.

आधी गरजेबद्दल, कारण त्यावरून बराच गोंधळ असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सीडब्ल्यूआय ॲमस्टरडॅम आणि गूगलच्या संशोधकांनी एकच शा-१ हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली दाखवल्या. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या प्रकल्पाचा रेपो सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या अवजारात होता, त्यात त्या दोन्ही चढवल्या गेल्या आणि तो रेपो अडकला. गिटमध्ये मात्र त्या फाइलींची टक्कर होत नाही, म्हणजे दोघींचा हॅश एकच येत नाही, कारण गिट हॅश काढण्यापूर्वी मजकुराच्या पुढे ‘ब्लॉब’ हा शब्द, लांबी आणि एक शून्य बाइट जोडतं. पण हे संरक्षण नव्हे. हल्लेखोर तेच हेडर धरून नवी जोडी तयार करू शकतो. म्हणून २.१३ पासून गिट टक्कर ओळखणारं शा-१ वापरतं आणि संशयास्पद ऑब्जेक्ट (रेपोत साठवलेली फाइल, बदल वगैरे कोणतीही नोंद) दिसलं की काम थांबवतं. त्याला फक्त माहीत असलेल्या हल्ल्यांच्या खुणा कळतात, हे लक्षात ठेवा. आणि सही केलेला टॅग (एखाद्या आवृत्तीला दिलेलं, डिजिटल सही असलेलं नाव) शेवटी एका हॅशवरच सही करतो. तो हॅश डळमळला तर सहीला अर्थ उरत नाही. बदल हवा तो यासाठी.

नवा रेपो करणं एका ओळीचं काम आहे: ‘गिट इनिट’ला ऑब्जेक्ट-फॉरमॅट हा पर्याय देऊन शा-२५६ लिहा. दरवेळी लिहायचं नसेल तर २.४७ पासून हेच ग्लोबल कॉन्फिगमध्ये ठेवता येतं. रेपोच्या कॉन्फिगमध्ये आवृत्ती १ होते आणि एक्स्टेन्शन्समध्ये ऑब्जेक्ट-फॉरमॅटची नोंद पडते. ही नोंद न समजणारं जुनं गिट असा रेपो उघडायलाच नकार देतं. हे उत्तम, अर्धवट उघडून घोळ घालण्यापेक्षा कधीही बरं. रिकाम्या फाइलीचा हॅश काढून खात्री करा: ई६९डीई२९ ने सुरू झाला तर तुम्ही अजून शा-१ वरच आहात, ४७३ए०एफ४ ने सुरू झाला तर शा-२५६ वर.

कमिटची (नोंदवलेल्या एका बदलाची) पूर्ण ओळख ४० ऐवजी ६४ अंकी होते. रोजच्या कामातल्या छोट्या ओळखी तेवढ्याच राहतात, कारण त्यांची लांबी रेपोतल्या ऑब्जेक्टांच्या संख्येवर ठरते. मोडतं ते स्क्रिप्टमध्ये. ४० अंक शोधणारी रेजेक्स (मजकूर शोधायचा नमुना) ६४ अंकी ओळखीचे पहिले ४० अंक गुपचूप उचलते. ४० अक्षरांचा डेटाबेस कॉलम कधी नोंद नाकारतो, कधी शेपूट कापतो. सगळ्यात चकवणारा दोष हुकमध्ये, म्हणजे गिटच्या ठरावीक कामांच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये असतो: नवी ब्रांच आली की जुन्या बाजूची ओळख सगळी शून्यं असते आणि कित्येक हुक ती ४० शून्यांशी ताडून पाहतात. इथे ६४ शून्यं येतात, तुलना फसते आणि हुक अस्तित्वात नसलेल्या कमिटपासून फरक काढायला जातो. शून्यं हाताने लिहू नका. रिकाम्या इनपुटचा हॅश काढून त्यातलं प्रत्येक अक्षर शून्याने बदला. गिटच्या नमुना प्री-पुश हुकमध्ये हेच केलेलं आहे.

जुना रेपो जागच्या जागी बदलत नाही. शेजारी शा-२५६ चा रिकामा रेपो करायचा, जुन्यातून ‘फास्ट-एक्स्पोर्ट’ला सगळे रेफ (ब्रांच, टॅग अशी नावं) द्यायचे आणि ते नव्यातल्या ‘फास्ट-इम्पोर्ट’मध्ये ओतायचं. इथे चार ठेचा लागतात. सही असलेला टॅग आला की एक्स्पोर्ट थांबतो. सह्या काढून टाकण्याचा पर्याय द्या, नव्या हॅशवर त्या तशाही निरुपयोगी, पुन्हा करायच्या. कमिटच्या संदेशात लिहिलेल्या जुन्या ओळखी तशाच राहतात. गिट नोट्स (कमिटला मागाहून जोडलेले शेरे) येतात, पण त्या जुन्या ओळखींच्या नावाने साठवलेल्या असल्याने कशालाच चिकटत नाहीत. सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) असतील तर आधी ते रेपो बदलावे लागतात आणि मग इम्पोर्टच्या रीराइट-सबमॉड्यूल्स पर्यायांना दोन्हीकडच्या मार्क फाइली (क्रमांक आणि ओळख यांच्या याद्या) द्याव्या लागतात. मार्क फाइली सबमॉड्यूल नसले तरी दोन्ही बाजूंनी काढा: क्रमांकावर जोडल्या की जुनी ओळख–नवी ओळख असा तक्ता हाती येतो आणि बग ट्रॅकरमधले जुने दुवे त्यावरूनच लागतात.

पडताळणीसाठी ‘गिट आर्काइव्ह’च्या टार फाइली ताडू नका, कमिटची ओळख टारच्या हेडरमध्ये जाते, त्यामुळे त्या वेगळ्याच निघणार. दोन्हीकडे तोच टॅग चेकआउट करून गिटचा फोल्डर वगळून फाइली ताडा.

वेग आणि जागा यांची तक्रार नाही. पॅक इंडेक्समध्ये (ऑब्जेक्ट कुठे ठेवलंय त्याच्या सूचीत) प्रत्येक ऑब्जेक्टमागे २८ ऐवजी ४० बाइट लागतात, म्हणजे दहा लाख ऑब्जेक्टांमागे सुमारे १२ एमबी जास्त. टक्कर ओळखणारं शा-१ मुळात संथ आहे, त्यामुळे तुलनेत शा-२५६ जड वाटत नाही.

खरे गुण कापले जातात ते देवाणघेवाणीत. शा-१ चा रेपो आणि शा-२५६ चा सर्व्हर यांच्यात फेच (बदल आणणं) किंवा पुश (बदल पाठवणं) होत नाही, ‘मिसमॅच्ड अल्गोरिदम्स’ म्हणून गिट हात वर करतं. दोन्ही हॅश सांभाळणारी व्यवस्था आराखड्यात आहे, २.४५ मध्ये तिची सुरुवातही झाली, पण कामाच्या रेपोत तिच्यावर भिस्त ठेवू नका. रेपो ठेवायच्या सर्व्हर-प्रणालींपैकी फोर्जेजो ७.० पासून शा-२५६ घेतं, गिटलॅबने २०२४ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू केलं. लिबगिट२ या, इतर प्रोग्रॅमना गिटची कामं पुरवणाऱ्या लायब्ररीत ते बांधणीच्या वेळी मुद्दाम चालू करावं लागतं, म्हणजे त्यावर उभे असलेले एडिटर आणि ग्राफिकल क्लायंट एकेक करून तपासणं आलं. तुलनेला फॉसिल हे गिटसारखंच दुसरं अवजार पाहा: मार्च २०१७ मध्येच त्याने शा३-२५६ आणलं आणि जुन्या-नव्या ओळखी एकाच रेपोत नांदू दिल्या, लांबीवरून कोणती कुठली ते कळतं. गिटने मिसळ नाकारली. सुरक्षेच्या हिशेबाने ते बरोबर आहे, पण त्याची किंमत वापरणाऱ्याच्या माथी आली.

सर्व्हर स्वतःचा आणि रेपो नवा असेल, तर शा-२५६ च घ्या. बाहेरच्यांशी रोजची देवाणघेवाण असलेला जुना रेपो तूर्तास आहे तिथे राहू द्या. फक्त सगळ्या यंत्रांवरचं, विशेषतः सीआयवरचं (आपोआप बांधणी-चाचणी करणाऱ्या सर्व्हरवरचं) गिट टक्कर ओळखणाऱ्या शा-१ सकट बांधलेलं आहे ना, ते बघा. वेगासाठी ओपनएसएसएल या लायब्ररीचं शा-१ जोडून बांधलेल्या बायनरीत ही तपासणी नसते. नव्या आवृत्त्यांत ‘गिट व्हर्जन’ला बिल्ड-ऑप्शन्स हा पर्याय दिला की कोणतं शा-१ जोडलंय ते छापून येतं.