उबवणीची अंडी मागवताय? आधी दोन फोडून बघा

आमच्या उबवणी यंत्रात ६४ अंडी होती. त्यातून सहा पिल्लं निघाली, आणि ती सहाही सासूबाईंच्या घरच्या कोंबड्यांची. कडकनाथ म्हणून ४० रुपयांना एक याप्रमाणे मागवलेल्या अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. हे पैसे माझ्या एकटीचे नव्हते. बचत गटातल्या आम्ही तिघींनी मिळून घातले होते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी फलटण तालुक्यात राहते. २०१९ मध्ये इस्लामपूरकडे कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते आम्ही ऐकून होतो. त्यामुळे ‘पक्षी आम्ही देतो, वाढवा, आम्हीच परत घेतो’ असा करार घेऊन येणाऱ्यांपासून आम्ही लांबच राहिलो. नुसती अंडी विकत घ्यायची आणि घरी उबवायची, यात कोण काय फसवणार, असं वाटलं. चूक इथेच झाली.

मोबाइलवर एक जाहिरात दिसली. काळेभोर कोंबडे, स्वच्छ खुराडी, ‘८० टक्के पिल्लं निघण्याची खात्री’. फोनवर माणूस अगदी घरच्यासारखा बोलला. प्रत्येक वाक्यात ताई, ताई. ६० अंड्यांचे २,४०० रुपये आधी भरले. तुमच्याकडे माद्या किती, कोंबडे किती, हे मी विचारलंच नाही. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा असावा लागतो आणि कडकनाथची मादी वर्षाला जेमतेम ८० ते १०० अंडी देते. एकाच आठवड्यातली ६० ताजी अंडी द्यायची तर बऱ्यापैकी मोठा कळप हवा. हा हिशेब मला नंतर सुचला.

खोका आला. चार अंडी फुटलेली होती, ५६ चांगली. रंग फिकट तपकिरी. कडकनाथची अंडी काळी असतात असं दाखवणारे फोटो फिरतात, ते खोटे आहेत. पक्षी चोचीपासून मांसापर्यंत काळा, पण अंडं फिकटच असतं. त्यामुळे रंग बघून मला शंका आली नाही. प्रवासात हिंदकळलेली अंडी लगेच यंत्रात ठेवायची नसतात, म्हणून दिवसभर टोकाकडची बाजू खाली करून ठेवली. ट्रेमध्ये आठ जागा रिकाम्या राहत होत्या. सासूबाई म्हणाल्या, “माजी आठ ठेव की गं त्यात, जागा कशाला रिकामी?” त्या आठ अंड्यांनीच पुढे मला खरं काय ते दाखवलं.

यंत्राचा पडदा ३७.५ अंश दाखवत होता. तरी मी तापाचा थर्मामीटर आत ठेवून ताडून बघितलं, फरक नव्हता. पाण्याची पन्हळ भरलेली, ओलावा पन्नास टक्क्यांच्या वर. वीज गेली तर इन्व्हर्टर होता.

सातव्या रात्री खोली अंधारी करून टॉर्चवर अंडी बघितली. सासूबाईंच्या आठांपैकी सातांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या, मध्ये हलणारा ठिपका. विकतची ५६ एकामागून एक धरली. सगळी स्वच्छ, आत नुसता पिवळसर उजेड.

त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, घाबरू नका. कडकनाथचं कवच जाड असतं, चौदाव्या दिवसाशिवाय दिसत नाही.” मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटायलाच हवं होतं. गटातल्या दोघींना काय सांगू, हा घोर लागला होता. चौदाव्या दिवशीही काही दिसलं नाही, तेव्हा म्हणाला, “सारखं झाकण उघडू नका, आतली पिल्लं मरतील.” हेही खोटं. शेवटचे तीन दिवस यंत्र उघडायचं नसतं हे बरोबर, पण त्याआधी दोन मिनिटं उघडल्याने काही होत नाही. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज अंड्यांवरून उठते.

सासूबाईंनी त्याच दिवशी एक अंडं ताटलीत फोडलं. बलक पातळ झालेला, रक्ताचा टिपूस नाही. म्हणाल्या, “ह्यात काय बी नाय. कोंबडाच लागला नाय ह्या अंड्याला.” मी तरीही बाकीची ५५ तशीच ठेवली.

एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली, सातवं कवचातच मेलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला मोबाइलवर चित्रण करायला सांगून मी विकतची राहिलेली सगळी अंडी फोडली. एकातही शीर नाही, लाल कडं नाही, काही नाही. फोडताना माझे हात थरथरत होते.

आता त्याची भाषा बदलली. “तुमचं तापमान चुकलं असणार.” मी सहा पिल्लांचा फोटो पाठवला. त्याच यंत्रातली, त्याच दिवशी ठेवलेली. तापमान बिघडून गर्भ मेला असता तर अंड्यात रक्ताचं कडं किंवा अर्धवट पिल्लू सापडलं असतं. ५६ च्या ५६ कोरी निघतात, तेव्हा ती मुळात फलितच नसतात. पिंजऱ्यातल्या लेअर कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो, त्यांची खायची अंडी अशीच असतात. कितीही उबवली तरी त्यातून पिल्लू निघणार नाही. आमच्याकडे तीच अंडी पाठवली होती, याबद्दल मला आता शंका नाही.

या धंद्यातली खरी गोम ही आहे. एकवीस दिवस विकणाऱ्याच्या हातात असतात. तोवर तुम्ही आशेवर थांबता, आणि शेवटी दोष तुमच्या यंत्रावर, विजेवर, तुमच्या हातावर टाकायला तो मोकळा. घरी उबवणाऱ्या बायकांना आपलंच काही चुकलं असं चटकन वाटतं. मलाही वाटलं.

एवढं होऊनही मी आणखी एकदा फसले. “ताई, बदली ३० अंडी देतो, फक्त वाहतुकीचे ९०० भरा,” म्हणाला. गेलेले पैसे निघतील या आशेने भरले. पाच दिवसांनी खोका आला. यावेळी अंडी ओल्या फडक्याने नुसती टिपली, तर फडकं चहासारखं डागाळलं, म्हणजे रंग वरून लावलेला. उबवायची अंडी पुसायची नसतात, पण आता मला बघायचंच होतं. तीन फोडली. फलित अंड्यात बलकावरच्या पांढुरक्या ठिपक्याभोवती गोल कडं असतं, साधारण तीन-चार मिलिमीटरचं, लांबूनही ओळखू येतं. या तिन्हींवर नुसता बारीक, वेडावाकडा पांढरा कण होता. पुन्हा फोन लावला तेव्हा त्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकलेला.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही केली. पैसे भरल्याच्या पावत्या, संभाषण, ते चित्रण, सगळं दिलं. पण पहिले पैसे देऊन महिना उलटला होता, आणि खातं तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर निघालं. रक्कम अजून परत आलेली नाही. सातव्या दिवशीच तक्रार केली असती तर निदान ते ९०० तरी वाचले असते. गटाच्या बैठकीत मी दोघींना सगळं सांगितलं. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राची माहिती दिली. पुण्याला आहे, कोल्हापूरलाही आहे. आम्ही तिघी स्वतः जाऊन ५० अंडी घेऊन आलो, मांडीवर ट्रे धरून. घरी आल्या आल्या दोन फोडली. दोन्हींच्या बलकावर कडं होतं. उरलेली ४८ यंत्रात आहेत. आज नववा दिवस, ४१ अंड्यांत शिरा दिसताहेत.