इंजिन ‘मेव्ह’चं, फोटो ‘माखा’चे

आयर्लंडच्या रेल्वेची मॉडेलं जमवणारे मराठी लोक मूठभरच असतील. पण नोकरीसाठी डब्लिन-कॉर्कला आलेल्या आपल्यापैकी काहींना हा नाद लागलेला मी पाहिला आहे. त्यातलं कुणी ‘इंजिन हाताने बनवून देतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स द्यायच्या बेतात असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

डिझेल इंजिनांची फारशी अडचण नाही. मर्फी मॉडेल्सची १४१ किंवा ०७१ वर्गाची, आयरिश रेल्वे मॉडेल्सचं ए वर्गाचं, अशी तयार इंजिनं निघालेली आहेत. माल संपला की सेकंडहँडचे भाव चढतात एवढंच. वाफेच्या इंजिनांचा मात्र दुष्काळ. त्यातही मला हवं होतं ८०० वर्गाचं. १९३९-४० मध्ये डब्लिनच्या इंचिकोर कारखान्यात अशी फक्त तीन इंजिनं बनली: ८०० मेव्ह, ८०१ माखा आणि ८०२ टाल्टे. तीन सिलिंडरची, डब्लिन-कॉर्कच्या जड गाड्यांसाठी, आणि तिघींची नावं आयरिश पुराणकथांतली. मेव्ह आज बेलफास्टजवळच्या कल्ट्राच्या संग्रहालयात उभी आहे. तिच्यासमोर एकदा उभं राहिलात, तर मी पैसे का मोजायला निघालो होतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.

शिवाय मला ती २१ मिलिमीटरच्या रुळावर हवी होती. आयर्लंडचा रूळ, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर, सव्वापाच फुटी. आपल्या साडेपाच फुटीपेक्षा तीन इंचांनी अरुंद. एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात त्याचे बरोबर २१ मिलिमीटर होतात. बाजारातली तयार मॉडेलं १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालतात, म्हणजे खऱ्या मापात फुटाहून जास्त अरुंद. समोरून पाहिलं की इंजिन पाय जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं. बहुतेकांना ते चालतं. मला चालत नाही, आणि असं न चालणारी गिऱ्हाइकं, मला इंजिन बनवून देतो म्हणणाऱ्या माणसाला बरोबर सापडतात.

माणूस इंग्लंडमधला. पितळी पत्रा कापून, झाळून, रंगवून, नावाच्या पट्ट्यांसकट इंजिन द्यायचं, किंमत १,६०० युरो, पैसे चार हप्त्यांत. बोलायला इतका जाणकार की ऐकत राहावं. हिरव्या रंगाची छटा नेमकी कोणती, टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, काय लिहायचं, सगळं तोंडपाठ. हे ज्ञान खरं होतं, खोटं नव्हतं. ठग अडाणी असतो हा समज या छंदात तरी सोडून द्या.

पैसे मात्र ऑनलाइन पाठवताना ‘मित्र-नातेवाईक’ या पर्यायानेच पाठवायचे, हा त्याचा हट्ट. कारण काय, तर खरेदीच्या पर्यायात त्याला शुल्क कापलं जातं. ते शुल्क मी भरतो म्हटलं, तरी ‘आमच्यात असंच चालतं’. खरं कारण साधं आहे. त्या पर्यायाने गेलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं.

दर हप्त्यामागे फोटो येत. आधी नुसती चौकट, मग बॉयलर, मग रंग चढलेलं इंजिन. सुरेख काम होतं. एक गोष्ट खटकायची: नावाची पट्टी कधी सावलीत, तर कधी फोटोच्या कडेला कापलेली. मी म्हटलं, रुळांवर आडवं एक युरोचं नाणं ठेवून फोटो पाठवा. नाण्याचा व्यास २३.२५ मिलिमीटर. २१च्या रुळावर ते दोन्ही बाजूंना जेमतेम मिलिमीटरभर बाहेर येतं, १६.५च्या रुळावर तीनपेक्षा जास्त. फोटोत बनवाबनवी करायला जागाच नाही. हा फोटो काही आला नाही. कॅमेरा बिघडला, बायको आजारी पडली, मग इंजिन ‘पॅक करून ठेवलंय’.

आणि मग शेवटच्या हप्त्यासोबत आणखी एक मागणी: आयर्लंडचा २३ टक्के व्हॅट आगाऊ त्याच्याकडे जमा करायचा, तो ‘परस्पर भरेल’. ब्रिटनमधून येणाऱ्या एवढ्या किमतीच्या वस्तूवरचा व्हॅट इथे पार्सल पोचताना पोस्ट किंवा कुरिअर कंपनी आपल्याकडून घेते. कुण्या खासगी माणसाच्या खात्यात तो जमा होत नाही. तिथे मी हात आखडता घेतला आणि सगळे फोटो एका जुन्या, मुरलेल्या मॉडेलकाराला दाखवले. त्याने फोटोतल्या टेंडरवरच्या कोळशाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ‘हे इंजिन मी प्रदर्शनात पाहिलंय. ही मेव्ह नव्हे, माखा.’ मूळ मालकाचा पत्ता लागला. मॉडेल त्याचं, फोटो त्याचे, आणि रूळ १६.५चा. आमचा कारागीर त्याला नावानेही ठाऊक नव्हता.

गेलेले पैसे गेले. गार्डा (इथल्या पोलीस) ठाण्यात तक्रार नीट लिहून घेतली, पण माणूस परदेशात. इथली स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांची, सोय २,००० युरोंपर्यंत आहे, तीही व्यावसायिकाविरुद्ध. युरोपभर चालणारी तशीच दुसरी व्यवस्था ब्रिटनला २०२१पासून लागू नाही. ठगाने हे सगळं आधीच जोखलेलं असतं, असं माझं मत झालं आहे. कार्डाने पैसे भरले असते तर बँकेकडे निदान दाद मागता आली असती, म्हणून कार्ड न घेणाऱ्याकडून काही बनवून घेऊच नका. प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत. ते उशीर करतात, कधीकधी चिडतात, पण नाण्याचा फोटो मागितला तर हसून पाठवतात. अर्धवट झाळलेलं, डागाळलेलं कामही दाखवतात. माझ्याकडे आलेल्या फोटोंत एकही डाग नव्हता.

मूळ मालक आता फोटोवर आडवं नाव छापतो. जुने फोटो मात्र फिरतायत. परवाच एक जाहिरात दिसली, विक्रेत्याचं नाव वेगळं: ‘८०२ टाल्टे, २१ मिलिमीटर, ॲडव्हान्सवर बुकिंग’. कोळशाचा ढीग तोच, आणि नावाची पट्टी या वेळी पुसट करून टाकलेली. जाहिरात मी कळवली आहे. हा मजकूर लिहीपर्यंत ती काढलेली नव्हती.